सूर्यभानचा हात

दीनाने बॉनेटवर तळहात टेकवला आणि तो न उचलताच यज्ञेश्वरपंतांकडे पाहिलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

पंत हसले, पण तिच्याकडे पाहून नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या याकोबकडे पाहून. भिंगार कॅम्पातले साहेब लोक विलायतेला परत निघाले होते. त्यांच्या मागे राहणाऱ्या मोटारी, कपाटं, बाजाच्या पेट्या विकून देण्याचा पंतांचा धंदा लढाई संपल्यापासून चांगलाच चालला होता. धंद्यात त्यांची एक रीत होती. प्रश्न बाईने विचारला तरी उत्तर तिच्याबरोबरच्या पुरुषाला द्यायचं.

"उन्हात उभी आहे ना, मास्तर. तापणारच."

मोटार लिंबाच्या गर्द सावलीत उभी होती. याकोबने एकदा लिंबाकडे पाहिलं, एकदा मोटारीकडे पाहिलं आणि मान डोलावली. तो दीनाच्या थोरल्या बहिणीचा, रेबेकाचा नवरा. नगरच्या एका शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा. मोटारीतलं त्याला काही कळत नव्हतं, पण लाकडातलं कळत होतं, आणि ह्या लांबलचक अमेरिकन मोटारीच्या आत अक्रोडाच्या लाकडाची अशी काही पट्टी बसवलेली होती की ती पाहिल्यापासून त्याचं इंजिनाकडे लक्षच नव्हतं. मागच्या गादीवर तो पुन्हा पुन्हा बसून येत होता. बसला की आपण कलेक्टर आहोत असं त्याला वाटत होतं आणि ते त्याच्या तोंडावर दिसतही होतं.

"उद्या सकाळी येऊ," दीना म्हणाली. "आम्ही येईपर्यंत सुरू करू नका."

पंतांनी ह्याचंही उत्तर याकोबलाच दिलं. म्हणाले, मास्तर, एवढा संशय बरा नव्हे. पण दीना तोवर फाटकाबाहेर पडली होती.

परतताना वाटभर याकोब धुसफुसत होता. एवढी देखणी मोटार, साहेबाच्या घरची, आणि हिला तिचं अंग गरम लागलं म्हणून नको. शेवटी त्याच्याच्याने राहवेना.

"दीना, अगं ही मोटार घिऊन तू सोनईत शिरलीस ना, तर सगळं गाव उठून उभं ऱ्हाईल."

"मला कुणी उठून उभं राहायला नको आहे, दाजी. मला कुणी ऊठ म्हणायला नको आहे."

 ती काय म्हणते आहे ते याकोबला पुरतं माहीत होतं.

दीना सोनईला राहायची आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करायची. रीतसर शिकलेली नर्स. लढाईच्या दिवसांत बायकांच्या पलटणीत नाव घालून तिने कॅम्पातली ॲम्ब्युलन्स चालवली होती. तिथला नियम कडक होता. जिने मोटार चालवायची तिनेच ती रोज सकाळी पुसायची, तेल बघायचं, प्लग काढून घासायचे, चाक बदलायचं. कुणी पुरुष मदतीला आला तर सार्जंट त्यालाच हाकलून द्यायचा. लढाई संपली, खाकी कपडे जमा झाले आणि दीना पुन्हा सोनईच्या सर्व्हिस मोटारीच्या वेळेवर डोळे लावून बसायला लागली.

उतारूंची ने-आण करणारी ही सर्व्हिस मोटार गोरक्षनाथची होती. मोटारीचा स्टँड त्याचा, स्टँडमागची दुरुस्तीची पत्र्याची शेड त्याची, आणि त्या शेडमध्ये काम करणारा सूर्यभानही त्याचाच म्हणायचा. विहिरीवरची इंजिनं, पिठाची गिरणी, उसाचा चरक, जे काही बंद पडेल ते सूर्यभानकडे यायचं. सूर्यभानचा हात लागल्याशिवाय सोनईत काही फिरत नाही, असं गावात म्हणत. पण तो हात आधी कुठे लागायचा हे गोरक्षनाथ ठरवायचा. त्याच्याशी कुणी वाकडं बोललं की त्याचं इंजिन ऐन पाण्याच्या पाळीला पडून राहायचं, आणि सूर्यभान आजारी आहे असा निरोप यायचा. आजारी नसताना आजारी पडणं हा सूर्यभानच्या नोकरीचाच भाग होता. तो कधी काही बोलत नसे.

आणि सर्व्हिस मोटारीची म्हणून एक रीत होती. दीना बाळंतपणाला निघाली की लोक हात जोडून तिला ड्रायव्हरशेजारी बसवत. बाई, बसा, नीट बसा, पिशवी इकडे द्या. बाळंतपण उरकून परतताना मात्र तिच्या अंगाला विटाळ असे. मग ती मागच्या फळीवर, सुट्या चाकाशेजारी. असं बस म्हणून कुणी सांगत नसे. ती चढली की माणसं नुसती आपापली धोतरं-लुगडी आवरून घेत आणि मागची फळी तेवढी मोकळी राही. दीनाच्या आजोबांनी धर्म बदलला त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या, पण त्याआधीची जात गावाला पाठ होती, आणि विटाळाच्या आडून ती बोलायला सोपी जात असे. दीनाने हे बरीच वर्षं सोसलं. मूल आपल्या हातात रडलं की तिला बाकीच्या गोष्टींचा विसर पडायचा.

गेल्या दिवाळीनंतर गोरक्षनाथची सून पुष्पावती पहिल्या बाळंतपणाला घोडेगावी माहेरी गेली आणि तिथे अडली. दीनाला न्यायला सर्व्हिस मोटार तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. पोर पायाळू होतं. घरचे सगळे पुरुष सल्ला देत दारात उभे होते, त्यांत गोरक्षनाथही होता, आणि दीनाने त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढून दार लावून घेतलं होतं. पोरगा जगला, पुष्पावती जगली. गोरक्षनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दीनाच्या ओटीत नारळ आणि खण घातला. आणि परतीच्या मोटारीत ती पुढे चढायला लागली तेव्हा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, आज तेवढं मागं बसा. लोकं कुरकुरत्यात."

दीनाने नारळ आणि खण त्या पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवला.

"ह्याला बसू द्या," ती म्हणाली. "ह्यापुढे मी माझ्या मोटारीने येईन."

गोरक्षनाथ हसला. हसण्यात कुचेष्टा नव्हती, ते तर जास्तच लागलं. "या की, बाई. बंद पडली म्हंजी आपला सूर्यभान हायेच."

घोडेगाव ते सोनई ती पायी आली. फळीचं दुःख ओढ्यापर्यंत येईतो ओसरलं होतं, पण ते वाक्य काही उतरलं नाही. खरंच होतं ते. मोटार घेतली आणि ती त्याच्या शेडसमोर नेऊन उभी करावी लागली, तर फळीवरून उठून ती पुन्हा फळीवरच बसणार होती. म्हणून तिला मोटार हवी होती आणि म्हणूनच ती कोणतीही मोटार चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा पंतांच्या आवारात आली तेव्हा थंडीने गवत ओलं होतं. अमेरिकन मोटार गार पडली होती. पंतांच्या माणसाने बटण दाबलं, मोटार खोकली. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकली. शेवटी दोघांनी ढकलून ती सुरू केली तेव्हा मागून निळा धूर निघाला आणि पंत, थंडी फार आहे, असं लिंबाच्या झाडाला म्हणाले.

दीनाने पिशवीतून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी काढली, तिचं एक तोंड इंजिनावर टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावला. पंत पाहतच राहिले. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने चाकाखाली जॅक लावून पाहिला, दांड्यावर सगळं अंग टाकलं, आणि मोटार जेमतेम हलली.

"ही मला एकटीला उचलत नाही," ती म्हणाली. "हिला माणूस लागेल."

"माणसं काय, पैशाला पासरी मिळतात," पंत म्हणाले. ह्या खेपेला ते चुकून तिच्याशीच बोलले.

"तीच तर अडचण आहे, पंत. दुसरी काय आहे?"

दुसरी शेडच्या मागे होती. पंत ती दाखवायला तयार नव्हते, कारण ती विकली जाईल अशी त्यांनाही आशा नव्हती. ताडपत्री ओढली तेव्हा तिच्या टपावरून दोन कोंबड्या फडफडत खाली आल्या. ऑस्टिन कंपनीची अगदी लहान मोटार, लढाईच्या बऱ्याच आधीची. चाकं सायकलीपेक्षा जरा जाड. रंग कधीकाळी हिरवा असावा. कुणा पाद्र्याने ती वापरली होती आणि जाताना आठवणीने तिचं हँडल, जॅक आणि पान्ह्यांची पिशवी आत ठेवून गेला होता.

"ही मोटार हाय का खुराडं?" याकोब म्हणाला.

 दीनाने पदर कमरेला खोचला आणि ती कामाला लागली. जॅक लावला, चाक काढलं, पुन्हा बसवलं. प्लग काढले, पाहिले, घासले, बसवले. बॉनेट उघडून आत हात घातला तर सगळीकडे तिचा हात पोचत होता. पेट्रोलची टाकी पुढच्या माणसाच्या गुडघ्यांच्या वरच होती. टाकी वर, इंजिन खाली, पाटाचं पाणी उतरावं तसं पेट्रोल आपोआप उतरत होतं. मध्ये बिघडायला पंप नव्हता, काहीच नव्हतं. होती ती फक्त टाकीखाली एक पितळी तोटी. तिची दांडी उभी असली की पेट्रोल चालू, आडवी केली की बंद. पेट्रोल अजून कुपनांवर मिळत होतं, नर्सबाईला मिळणारी कुपनं बेताची होती, आणि ही मोटार पेट्रोल पीत नव्हती, नुसतं चाटत होती.

हँडल फिरवल्यावर ती लगेच सुरू झाली. दीनाने नळी लावून ऐकलं. मग तिने याकोबला शेजारी बसवलं आणि मोटार कॅम्पाच्या रस्त्यावर काढली. पहिल्याच खड्ड्यात त्या पितळी तोटीवर याकोबचा गुडघा आपटला आणि मोटारीबद्दलचं त्याचं मत कायमचं ठरून गेलं. पुढे एका वडापाशी दीनाने खाली हात घालून तोटीची दांडी आडवी केली. मोटारीला ते जणू कळलंच नाही. ती आपली तशीच चालत राहिली, वड मागे पडला, पाण्याचा हौद मागे पडला, आणि मग चर्चच्या फाटकासमोर तिने दोन आचके दिले आणि थांबली.

"का बंद केलीस?" याकोब गुडघा चोळत म्हणाला.

"बंद केल्यावर किती चालते ते पाहिलं."

"मोटार चालंल किती ते बघत्यात लोकं. बंद पडायची परीक्षा कोन घेतं?"

दीना वळून वडापर्यंतचं अंतर पाहत होती. मग तिने दांडी उभी केली, खाली उतरली आणि हँडल मारलं. व्यवहार त्याच दिवशी झाला. लढाईतले साठवलेले पैसे त्यात गेले. पंतांनी कागद याकोबच्या हातात दिला, दीनाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पुढचे काही आठवडे मोटार नगरला याकोबच्या घरापुढच्या अंगणात होती आणि दीना सुट्टीच्या दिवशी येऊन ती सोडायची आणि जोडायची. याकोबला लाज वाटायची. शेजारी विचारायचे, मास्तर, मेहुणी मोटार चालवणार आहे का मोडीत काढणार आहे? घरात एवढा कर्ता पुरुष असताना बाईमाणूस अंगणात मोटारीखाली पडलेलं असायचं, फक्त पाय बाहेर. रेबेका मात्र बहिणीच्या शेजारी पाट टाकून बसायची, मागितलेला पान्हा द्यायची आणि शेजाऱ्यांना सांगायची, आमच्या घरातल्या बायका कामाला लागल्या की अशाच दिसतात.

माघ महिन्यातल्या एका सकाळी दीना मोटार घेऊन सोनईला निघाली. बरोबर याकोब होता. मोटार कशीही असली तरी मेहुणीला एकटी पाठवणं त्याच्या मनाला पटेना. जेऊर मागे पडलं, इमामपूरचा घाट मोटार बारक्या बारक्या उसाशांनी उतरली, आणि पांढरी पुलापुढे सपाटी लागल्यावर याकोबचा जीव खाली बसला. घोडेगावात पुष्पावतीच्या माहेरच्या ओट्यावर कुणीतरी उभं राहून पाहत होतं. दीनाने तिकडे पाहिलं नाही.

सोनईच्या अलीकडे ओढा आहे आणि ओढ्याच्या काठी एक बाभूळ. गाव जवळ आलं तसा याकोब सावरून बसला, टोपी नीट केली, कोटाची बटणं लावली. कशीही असली तरी मोटारीतून गावात शिरायचं होतं. बाभळीपाशी दीना जराशी वाकली. चपलेचा अंगठा सरळ करत असेल, असं याकोबला वाटलं.

ओढा ओलांडून मोटार चढाला लागली, पहिली घरं आली, गोरक्षनाथची गिरणी आली. स्टँडवर सर्व्हिस मोटार भरून उभी होती, निघायच्या बेतात. स्टँडच्या तोंडाशी एका बाजूला शेडची भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाराचा ओटा, मधून एकच वाहन जाईल एवढी वाट. दीनाच्या मोटारीने बरोबर त्या वाटेत, सर्व्हिस मोटारीच्या नाकासमोर दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

 पारावर हसू फुटलं आणि ते सर्व्हिस मोटारीच्या आत शिरलं. याकोबला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

गोरक्षनाथ पुढच्या जागेवर बसला होता. तो उतरून आला. मोटारीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "चांगली हाय, बाई. लहान हाय पर चांगली हाय. पडली व्हय बंद? पडायचीच. सूर्यभान, ए सूर्यभान!"

"नको," दीना म्हणाली.

ती उतरली. बॉनेट उघडलं. बाळंतपणाच्या पिशवीतलं पांढरंशुभ्र धुतलेलं कापड काढून तिने मडगार्डवर अंथरलं, आणि पान्हे त्यावर ओळीने मांडले. मग तांब्यातलं पाणी घेऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. हे करायची तिला काही घाई नव्हती. तो साबण, ती हात धुण्याची पद्धत, ते कापड स्टँडवरच्या पुष्कळ बायकांनी आपापल्या घरी पाहिलेलं होतं, अंधाऱ्या खोलीत, घाबरलेल्या डोळ्यांनी. सर्व्हिस मोटारीतलं हसू हळूहळू थांबलं.

गोरक्षनाथने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, "बाई, माझी मोटार खोळांबलीय. चार मानसं लावतो, उचलून कडंला ठिवू. किती वजान असंल हिचं."

"काम चालू असताना मला कुणी हलवत नाही, शेठ. घोडेगावातसुद्धा हलवलं नव्हतं."

गोरक्षनाथच्या चेहऱ्यावरचा मऊपणा थोडा कमी झाला. सर्व्हिस मोटारीच्या मागच्या बाजूने लंकाबाई नावाची एक म्हातारी ओरडली की बाई कामात हायत ना, मग थांबा की, आमी थांबतोयच की न्हाई. तिच्या सगळ्या नातवंडांना दीनानेच जगात आणलं होतं. कुणीतरी तिला गप्प केलं.

दीनाने पहिला प्लग काढून कापडावर ठेवला. प्लग स्वच्छ होता. तिने तो तरीही घासला. दुसरा काढला. उन्हं वर आली होती आणि तिच्या पाठीवर सगळ्या गावाचे डोळे होते. तिला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त आनंद होत होता. एवढी वर्षं ह्या सर्व्हिस मोटारीची वाट पाहत ती ह्याच ओट्यावर बसली होती. आज ती सर्व्हिस मोटार तिची वाट पाहत होती.

"सूर्यभान," गोरक्षनाथ म्हणाला, "बाईच्या नादी लागू नको. बघ काय झालंय आन् सुरू करून दे. इथं दिवस मावळंल."

सूर्यभान शेडच्या दारात उभा होता. तो पुढे आला. उंच, वाकलेला, ग्रीसने काळा झालेला माणूस. तो प्लगकडे हात नेणार एवढ्यात दीना म्हणाली, "हात धुतलेत का?"

पारावर कुणीतरी खुदकन हसलं. सूर्यभानने आपल्या हातांकडे पाहिलं. मग दीनाने पुढे केलेला साबण घेतला, शेडमधल्या बादलीपाशी गेला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. परत आला तेव्हा त्याचे हात निम्मे काळे आणि निम्मे त्याच्या स्वतःच्या रंगाचे होते.

तो प्लगकडे गेला नाही. मोटारीच्या पलीकडच्या बाजूने दार उघडून पेट्रोल आहे का पाहायला आत वाकला. दीनाचा हात कापडावरच थांबला.

हे तिने हिशेबात धरलं नव्हतं. बॉनेटमध्ये कितीही डोकी आली तरी तिने निभावलं असतं. आत कुणी वाकून पाहील असं तिला वाटलं नव्हतं, आणि वाकणारा सूर्यभान होता, ज्याला तोटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उघड्या बॉनेटच्या कडेने तिला तो दिसत होता. त्याने टाकीला बोटाने टिचकी मारली. मग त्याची नजर खाली आली आणि तोटीच्या दांडीवर थांबली. दांडी आडवी होती.

एक बोट लावलं की काम होत होतं. एक बोट, आणि मग एक वाक्य, की बाई तोटी उघडायला इसरल्या. ते वाक्य गावाने दीनाच्या पुढच्या दहा वर्षांतल्या प्रत्येक बाळंतपणाला सांगितलं असतं.  सूर्यभानने मान वर केली, काचेतून थेट तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे अडकून पडलेल्या सर्व्हिस मोटारीकडे आणि त्या मोटारीच्या मागच्या फळीकडे पाहिलं.

तो बाहेर आला आणि दार लावलं.

"शेठ, हे आपल्यातलं काम न्हाई. इलायती हाय. बाईंनाच जमंल."

"आरं, नीट बघ तरी."

"बघितलं."

गोरक्षनाथने त्याच्याकडे पाहिलं. त्याला आणखी काही विचारायचं होतं, पण सूर्यभान शेडच्या दारात जाऊन पुन्हा भिंतीला टेकून उभा राहिला होता. मालकाच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन तो निघून गेलेला कुणी पूर्वी पाहिला नव्हता. गोरक्षनाथ सर्व्हिस मोटारीत चढला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

दीनाने प्लग एकेक करून बसवले. कापडाची घडी घातली, पान्हे पिशवीत भरले, हात पुसले. आत बसून ती जराशी वाकली, मग उतरली, थोडी थांबली आणि हँडल मारलं. मोटार सुरू झाली. लंकाबाईने आतून टाळी वाजवली आणि ह्या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही.

ती अरुंद वाट ओलांडून दीनाची मोटार सर्व्हिस मोटारीच्या शेजारून वळून पुढे निघाली तेव्हा गोरक्षनाथ खिडकीतून म्हणाला, "बाई, बिघडलं तरी काय हुतं?"

"आता चालू आहे," दीना म्हणाली.

घरी येईपर्यंत याकोब तोंडभरून बोलत होता. खुराड्याची आता मोटार झाली होती. अंगणात उतरून त्याने तिच्या टपावर दोन थापा मारल्या. दीना रांजणाशी उभी राहून हात धुवायला लागली, साबण शोधला, तो नव्हता. साबण सूर्यभानकडे राहिला होता.

"सगळ्या गावानं बघितलं," याकोब म्हणाला. "सूर्यभानला न्हाई जमलं आन् तुला जमलं."

"त्याच्यामुळे जमलं, दाजी."

"त्याच्यामुळं? आगं, त्यानं तर हातबी लावला न्हाई."

"तेच केलं त्याने," दीना म्हणाली, आणि ओले हात पदराला पुसत मोटारीची तोटी बंद केली आहे का ते पाहायला गेली.